आज कोण आलं नाही? गावातल्या ख्रिस्ती मंडळीत नव्याने येणाऱ्यांसाठी

शेवटचा आशीर्वाद होतो, पोट्टे चपलांच्या ढिगाकडे धावतात, आणि आमच्या मंडळीतल्या एक काकू पिशवीतून शंभर पानी वही काढतात. त्यांचा प्रश्न दर रविवारी एकच असतो, "आज कोण कोण नाही आलं बाप्पा?" कोणी सांगतं, अमक्याची गाय व्याली. कोणी म्हणतं, तमका पोरीकडे दिग्रसला गेला. ज्याच्याबद्दल कोणालाच काही सांगता येत नाही, त्याच्या नावापुढे काकू फुली मारतात. फुलीवाल्या घरी सोमवार-मंगळवारी कोण जाणार, हे तिथेच चपला घालता घालता ठरतं.

मी लग्न होऊन वर्धा जिल्ह्यातून यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावी आले, तेव्हा तिसऱ्याच रविवारी मी दांडी मारली. डोकं दुखत होतं असं घरी सांगितलं, खरं कारण कंटाळा. मंगळवारी काकू दारात, हातात अंबाडीची जुडी. "काहून आली नाही पोरी?" मला तेव्हा रागच आला, शाळेसारखी हजेरी घेतात की काय म्हणून. पुढे सासरे आजारी पडले, दोन रविवार आमच्या नावापुढे फुल्या लागल्या आणि पाच घरांतून डबे आले, तेव्हा त्या वहीचा उपयोग कळला.

आता नवीन माणसं मला विचारतात, काय करायचं, कसं वागायचं? कोणी बदली होऊन आलेली नर्सबाई असते, कोणी सून असते, कोणी आजारपणात कुणीतरी प्रार्थना केली म्हणून आलेला शेतकरी असतो. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी बघा, कोणत्या घरात शिरलो

सगळ्या मंडळ्या एकसारख्या नसतात. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट जास्त, अकोला-खामगावकडे अलायन्स मिशनच्या मंडळ्या, ठिकठिकाणी कॅथलिक, शिवाय पेंटेकोस्टल आणि कोणत्याच संस्थेला न जोडलेल्या स्वतंत्र मंडळ्या. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तर 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरातच स्थापन झालं, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन. त्यामुळे शेजारच्या गावात पाहिलेली पद्धत इथे नसली तर लगेच "हे चुकीचं आहे" म्हणू नका. पाळकांना सरळ विचारा, आपली मंडळी कोणाशी जोडलेली आहे, वडील मंडळात (मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांत) कोण आहे, हिशोब कोण बघतं. या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला जो चिडतो, त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा जाणार नाही.

गावात कोणी म्हणालंच की हे सगळं काल-परवाचं खूळ आहे, तर भांडू नका. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले, शाळा काढली, विदर्भातले दगड आणि जीवाश्म गोळा केले, आणि 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेले. (आपले नाले तेव्हाही असेच होते.) यवतमाळात 1953 पासून 1983 पर्यंत पाळक घडवणारी मोठी सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली. म्हणजे वाट जुनी आहे. एवढं माहीत असलं की पुरे, याचं भाषण करायची गरज नाही.

पहिले चार रविवार

पाटीवर दहाची वेळ असते, सुरुवात साडेदहाला होते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत काही ठिकाणी सकाळी सातलाच उपासना उरकतात, कारण मजूर थांबत नाहीत. आदल्या दिवशी विचारून घ्या. बहुतेक गावांत बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला, सतरंजीवर. बाया डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. मागे बसलात तरी चालेल, पण दाराजवळ नको, तिथून उठून जायचा मोह होतो.

क्रम साधारण ठरलेला असतो. प्रार्थना, गीतं, शास्त्रपाठ, साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं), दानार्पण, संदेश, आशीर्वाद. गाणी येत नसली तर टाळी धरा. पेटी, ढोलक आणि टाळ यांवर चालणारी भजनं ऐकून भजनी मंडळाची आठवण होईल, ते उगाच नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-ओवीच्या वळणाची ख्रिस्ती भजनं लिहिली आणि ती आजही गावोगाव म्हटली जातात. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत ओळीने बसायची सवय असलेल्या माणसाला आमच्या सतरंजीवर फार परकं वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी, प्रभुभोजन असतं. बहुतेक मंडळ्यांत ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतं. भाकर आणि प्याला तुमच्यापर्यंत आला तर नम्रपणे मान हलवून पुढे जाऊ द्या. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि कोणी वळून बघतही नाही.

साक्ष द्यायची घाई मात्र करू नका. नव्या माणसाला दुसऱ्या रविवारीच माईक देणारी मंडळी मला जरा उतावळी वाटते. आधी सहा महिने ऐका. त्या दिवसांत सतरंज्या घाला, पाण्याचा माठ भरा, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या उतरवा. माणसं तुमचं नाव या कामांवरूनच लक्षात ठेवतात.

वाचन आणि प्रार्थना

बायबल पहिल्या पानापासून सुरू केलं की लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या आसपास गाडी फसते, हे मी बऱ्याच जणांचं पाहिलं आहे. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळा अध्याय आहेत, रोज एक वाचला तर सोळा दिवसांत संपतं. मग प्रेषितांची कृत्ये, मग याकोबाचं पत्र, ते तर शेतकऱ्याला जवळचंच वाटतं, त्यात पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघणारा शेतकरीच आहे. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय तारखेप्रमाणे वाचता येतात, आज सात तारीख तर सातवा.

मोठ्याने वाचा. घरातल्या ज्याला अक्षरओळख नाही तोही ऐकतो, आणि मोबाईलवर मराठी बायबल ऐकायलाही मिळतं. लाइन गेलेली असली तर तेच बरं पडतं. वाचून झाल्यावर मी स्वतःला एवढंच विचारते की यात देवाबद्दल काय कळलं, मला काय करायला सांगितलं आहे, आणि आज ते कोणाच्या बाबतीत करायचं. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तिथे नाव येतं. कधी ते जावेचं असतं.

प्रार्थनेसाठी छापील मराठी शिकायची गरज नाही. आमच्या घरसभेत एका वावरात राबणाऱ्या मावशीने ऑक्टोबरात केलेली प्रार्थना मला अजून पाठ आहे: "देवा, तुह्या मनात पाणी पाडाचं असन तं पाड, पण बोंडं फुटली हायेत, एवढं पाहून घे." त्या दिवशी पाळकांनीसुद्धा पुढे काही जोडलं नाही.

घरसभा

रविवारी माणूस दिसतो, पण तो कळतो घरसभेत. आठवड्यातून एकदा, वावरातून परतून हातपाय धुऊन झाल्यावर, पाळीपाळीने एकेकाच्या घरी बसायचं. एक-दोन भजनं, थोडं वाचन, चर्चा, प्रार्थना, तासाभरात मोकळं. आमच्याकडे कडक नियम आहे की फक्त चहा. आधी पोहे होते, मग कोणी भजी केली, मग कोणी गुलाबजाम, आणि मग दोन घरांनी आपली पाळी टाळायला सुरुवात केली. कारण कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. तुमच्या घरी पाळी आली तर हौसेने ताटं मांडू नका. पुढच्या घराला ते महागात पडतं.

घरसभेत प्रार्थनाविनंत्या सांगतात, आणि इथे मी स्वतः मोठी चूक केलेली आहे. एका बाईने मला खासगीत तिच्या नवऱ्याच्या दारूबद्दल सांगितलं. पुढच्या बैठकीत मी डोळे मिटून, तिचं नाव घेऊन, त्या व्यसनासाठी कळकळीने प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा ती उठून गेली होती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्यांना माहीत. ती आठ महिने आली नाही, आणि तिच्या नावापुढच्या प्रत्येक फुलीला मी जबाबदार होते. तेव्हापासून मी आधी विचारते, "हे चारचौघांत सांगू की आपल्या दोघींतच ठेवू?" तुम्हीही विचारा. आणि तुमची गोष्ट सांगण्याआधी बघून घ्या, समोरच्याच्या पोटात किती राहतं.

एकमेकांची काळजी

जी नावं वहीत येतात त्यांची काळजी कशी घ्यायची, हे कोणी पुस्तकातून शिकवत नाही. काही गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवलेल्या बऱ्या.

आजाऱ्याच्या घरी दहा मिनिटं थांबा, खाटेवर बसू नका, आणि "आमच्या नात्यात एकाला हेच झालं होतं, तो गेला" ही गोष्ट सांगू नका. छोटी प्रार्थना करा. जाताना विचारा, गोळ्या संपल्या का, डबा पाहिजे का, ढोरांना चारा कोण टाकतं. सेवाग्रामला किंवा नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचं असेल तर सोबत कोण जाणार हा खरा प्रश्न असतो. केसपेपर कुठे काढायचा, रक्ताची तपासणी कुठल्या खिडकीत, हे माहीत असलेला एक माणूस मंडळीत असला तर फार मोठा आधार होतो. नर्सबाई, हे तुमच्यासाठी आहे.

प्रार्थना आणि औषध यांत निवड करायची नसते. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि प्रार्थनेच्या नावाखाली उशीर केला तरी विष थांबत नाही. कापसात साप चावला तर चिरा देऊ नका, दोरी करकचून बांधू नका, हातपाय हलवू न देता 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ग्रामीण रुग्णालय गाठा. प्रार्थना गाडीत होते. आमच्याकडे एकदा तशीच झाली, टाटा एसच्या मागच्या बाजूला, तुरीच्या पोत्यावर बसून, आणि पोरगा आज बारावीला आहे.

मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कोणत्या दिवशी कोण जेवण नेणार ते महिला मंडळ ठरवतं. त्याहून अवघड प्रश्न जागेचा असतो. बऱ्याच गावांत ख्रिस्ती कबरस्तान नाही. तुमच्या गावात आहे का, सातबारावर कोणाच्या नावे आहे, हे कोणी जायच्या आधी ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. मयत दारात असताना ही विचारपूस करणं फार वाईट.

आणि विदर्भात राहून एका गोष्टीवर गप्प बसता येत नाही. सोयाबीन गेलं, कापसाला भाव नाही, बँकेची नोटीस आली, की माणूस आधी बोलणं कमी करतो, मग उपासनेला येणं बंद करतो. बाया निदान एकमेकींजवळ रडतात, माणसं तेही करत नाहीत. म्हणून अशा दिवसांत वहीतली फुली सोमवारची वाट बघत नाही, त्याच संध्याकाळी जायचं. आमच्याकडे अशा घरी दोन माणसं जातात, त्यातला एक शेतकरीच असतो, आणि तो शास्त्र उघडायच्या आधी कर्जाचा आकडा विचारतो. "तुझा विश्वास कमी पडला" हे वाक्य तिथे उच्चारणाऱ्याला पुन्हा पाठवत नाही. तो जिवाचं बरंवाईट बोलला, किंवा उगाच सगळ्यांचे हिशोब चुकते करायला लागला, तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, डॉक्टरकडे न्या. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर आहे, दिवसरात्र मराठीत बोलता येतं. आमच्या सभागृहाच्या दारावर तो खडूने लिहिला होता, पावसात पुसला गेला, आता ऑइलपेंटने लिहिला आहे.

पैसा

थोडक्यात सांगते. दान पेटीत टाका किंवा पावती घेऊन द्या, कोणाच्या खिशात नको. खात्यावर दोन सह्या असाव्यात आणि हिशोब वर्षातून निदान एकदा सगळ्यांसमोर वाचला जावा. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देणं जमत नसेल तर अपराध्यासारखं वाटून घेऊ नका. मिझोरामच्या मंडळ्यांत बाया स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यावर मोठमोठी कामं चालतात. आपण ज्वारी किंवा तुरीची डाळ काढू शकतो, आमच्याकडे तो डबा गरजूंच्या घरी जातो. मंडळीतल्या माणसाकडून उसने पैसे मात्र घेऊ नका, देऊही नका. उसनवारीने जितकी माणसं उपासनेतून गळली, तितकी छळाने गळलेली मी पाहिली नाहीत.

कापणीच्या सणाला लोक पहिलं पीक आणतात. कापसाच्या झोळ्या, कोहळी, कोंबड्या, वांगी. उपासनेनंतर लिलाव होतो आणि वीस रुपयांचं कोहळं पाचशेला जातं. नवीन माणसाने चढाओढीत पडू नये, नाहीतर बायकोला काय सांगणार?

बाप्तिस्मा आणि कागद

बाप्तिस्म्याआधी शिकवणीचे वर्ग असतात, काही महिने चालतात. घाई करणाऱ्याला थांबवा, तुम्ही स्वतःही थांबा. घरच्यांना सांगितलेलं असावं. आणखी एक गोष्ट पुष्कळ जण सांगायचं टाळतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांनाच मिळतो, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही. पोराच्या शिष्यवृत्तीपासून जमिनीच्या कामापर्यंत याचा परिणाम होतो. म्हणून आधी माहीतगार वकिलाला विचारा आणि जो निर्णय घ्याल तो कागदावरही खरा ठेवा. ही गोष्ट लपवून बाप्तिस्मा देणारा पाळक तुमचं भलं करत नाही.

गावात वावरताना

नवा विश्वास मिळाला की माणसाला सगळ्या गावाला सांगावंसं वाटतं. मला ते समजतं. पण गावाला तुम्ही आधीपासून माहीत आहात. कालपर्यंत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणारा माणूस आज प्रेमावर बोलला तर लोक हसणारच. पहिल्यांदा तो धुरा मिटवा.

राज्यघटनेच्या कलम 25 ने धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना दिलं आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी साधी माणुसकी हेच सांगते. औषधाच्या बदल्यात उपासनेला या, वह्यांच्या बदल्यात प्रार्थना म्हणा, असला व्यवहार नको. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवायची नाहीत. दुसऱ्याच्या लेकरांना आईबापांना विचारल्याशिवाय संडे स्कूलला बसवायचं नाही. दवाखान्यात झोपलेल्या माणसाच्या उशाशी पत्रकं सरकवायची नाहीत. लाऊडस्पीकर लावायचा तर परवानगी घ्या, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद, नाताळच्या आधी विशेष सवलत आहे का ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

मग करायचं काय? आमच्याकडे मार्चपासून एसटी थांब्यावर दोन रांजण भरून ठेवतात. भरायची पाळी सात घरांची आहे आणि त्यातली तीन घरं आमच्या मंडळीतली नाहीतच. दहावीच्या पोरांसाठी सभागृहाचा दिवा रात्री साडेनऊपर्यंत चालू असतो, कारण घरी टीव्ही असतो आणि गोठ्यात डास. नाताळला करंज्या-चिवड्याची ताटं शेजारी जातात, दिवाळीला त्यांची येतात. देवाला दाखवलेला प्रसाद घ्यायचा की नाही, यावर मंडळ्यांची मतं वेगळी आहेत, तुमच्या पाळकांना विचारा. माझं म्हणणं एवढंच की नको म्हणायचं असेल तरी हसून, हात जोडून म्हणा, शेजारणीने पहाटे उठून केलेलं असतं.

कोणी आपणहून विचारलं, तुम्ही हे काहून करता, तर तेव्हा सांगा. पाच मिनिटांत, स्वतःच्या आयुष्यातलं. मग थांबा आणि त्याचं ऐका.

काकूंच्या वहीत अलीकडे शेवटच्या दोन पानांवर मंडळीबाहेरची नावं आली आहेत. एकटा राहणारा एक म्हातारा, कोथरूडला पोरगा असलेली एक विधवा, वीटभट्टीवरची दोन कुटुंबं. ही माणसं उपासनेला कधी आली नाहीत, कदाचित येणारही नाहीत. त्यांच्या नावापुढेही फुली लागते, मंगळवारी कोणी तरी जातं.

बदली झाली तर

नोकरीवाल्यांसाठी शेवटचं. गाव सोडताना पाळकांकडून सदस्यत्वाचं पत्र घ्या. त्यात बाप्तिस्म्याची तारीख, लग्न इथेच झालं असेल तर त्याची नोंद आणि मुलांची नावं असावीत. जुन्या रजिस्टरातलं अक्षर लागत नाही, म्हणून नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी समोर बसून जुळवा. दोन प्रती काढा. शिक्का उमटला आहे का तेही बघा, आमच्या मंडळीचा शिक्का पॅडवर शाई नसताना मारला जातो, मग दीडशे किलोमीटरवरून लोक परत येतात.